गल्ल्यावर बसणाऱ्या मुलीने मार्केटिंग घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गंगाखेडजवळच्या गावातली मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. घरी किराणा दुकान आहे, कॉलेजातून आल्यावर गल्ल्यावर तीच बसते. पुढे एमबीए करून मार्केटिंग मॅनेजमेंट घ्यायचं तिच्या मनात आहे. वडील म्हणतात, "मार्केटिंग म्हणजे बॅग घेऊन दारोदार हिंडणं. त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा दे." तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: स्वभाव अबोल आहे, तर हे जमेल का? इंग्रजी कच्चं आहे, तर पुस्तकं कशी वाचायची? आणि पुण्याला जावं की इकडंच शिकावं?

मी २४ वर्षं या कामात आहे. सुरुवात बियाण्यांपासून झाली, मग साबण-बिस्किटांचं वितरण सांभाळलं, आणि गेली काही वर्षं नोकरी करत मराठवाड्यातल्या दोन-तीन कॉलेजांत मार्केटिंग शिकवायला जाते. मूळची अंबाजोगाईची. त्यामुळं तुझ्या प्रश्नाला जरा लांबून सुरुवात करते, कारण "हो, घे" एवढं म्हणून तुझं काही भलं होणार नाही.

आधी अबोलपणाचं. मी आजवर बरीच नवी पोरं-पोरी कामावर घेतली. मुलाखतीत जी तोंडानं फटाफटा बोलतात, त्यांची पहिल्या महिन्याची ऑर्डर मोठी असते आणि तिसऱ्या महिन्यात त्यातला निम्मा माल परत येतो. दुकानदाराला काय हवं आहे ते ऐकून न घेता त्यांनी माल उतरवलेला असतो. जी गप्प राहून वहीत टिपून घेतात त्यांचा आकडा हळू वाढतो, पण खाली येत नाही. बोलायला शिकता येतं, सहा महिने लागतात. ऐकायची सवय मात्र विशी-बाविशीनंतर लावून घेणं फार जड जातं. तुझ्याकडं ती आधीच आहे असं तुझ्या प्रश्नावरूनच दिसतं, कारण वडिलांचा आक्षेप तू त्यांच्याच शब्दांत लिहिला आहेस.

आता मार्केटिंग म्हणजे काय शिकायचं असतं, ते एका जागेवरून सांगते. नोकरीच्या पहिल्या जूनमध्ये आमच्या साहेबांनी मला एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरमागं दोन दिवस नुसतं बसवलं. "तोंड उघडायचं नाही, फक्त लिहायचं," असं बजावून ते निघून गेले. सकाळी आठपासून गर्दी. रात्री चांगला पाऊस झालेला, सगळ्यांना सोयाबीन पेरायची घाई. एक शेतकरी आले, साठीचे असतील. "मागल्या साली नेलं व्हतं तेच द्या. हिरवी पिशवी व्हती. शेंगा लई लागल्या व्हत्या." दुकानदार म्हणाला, "काका, ते औंदा आलंच नाही. हे न्या. उगवण म्या सोता बघितलीय." काकांनी पिशवीवर हात फिरवला, मागची तारीख नातवाकडून वाचून घेतली आणि मग खाली आवाजात विचारलं, "पैशे दिवाळीला देलं तर चालंल का?" दुकानदारानं मान हलवली आणि वहीत नाव चढवलं. सौदा झाला.

दोन दिवसांत मी ज्यांची ज्यांची नोंद केली, त्यात कंपनीचं नाव घेऊन बियाणं मागणारे बोटावर मोजण्याइतके होते. भिंतीवर आमचं भलं मोठं पोस्टर होतं, त्याकडं कुणी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. पेरणारा शेतकरी, तारीख वाचणारा नातू, वाण ठरवणारा दुकानदार, आणि या सगळ्यांच्या वर बसलेली उधारी. तुझ्या अभ्यासक्रमात ग्राहक वर्तन नावाचा विषय येईल. त्यात लिहिलेलं असेल की सुचवणारा, ठरवणारा, विकत घेणारा आणि वापरणारा ही वेगवेगळी माणसं असू शकतात. परीक्षेला ते पाच मार्कांचं उत्तर आहे. मला ते त्या काउंटरवर कळलं, आणि तुझ्या दुकानात तर ते रोज संध्याकाळी घडतं: बिस्किट पोरगं मागतं, पैसे आजी देते, आणि कोणता पुडा द्यायचा ते तू ठरवतेस.

याच सोयाबीनमधून दुसरी गोष्ट सांगते, ती मला पुस्तकातून कधीच नीट समजली नव्हती. स्पर्धक कोण? आम्ही ऑफिसात बसून दुसऱ्या कंपन्यांची नावं फळ्यावर लिहायचो. पण सोयाबीन हे स्वपरागीत पीक. शेतकरी मागच्या वर्षीच्या राशीतलं चांगलं दाणेदार सोयाबीन निवडून ठेवतो आणि पुढच्या वर्षी तेच पेरतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, आठवड्यानं उघडून मोजायचे, ७० च्या वर उगवले तर बियाणं पेरायला योग्य. कृषी खातं स्वतः ही घरगुती चाचणी शिकवतं. म्हणजे आमचा सगळ्यात मोठा स्पर्धक शेतकऱ्याच्या माडीवरच्या पोत्यात बसलेला होता, आणि तो फळ्यावर कुठंच नव्हता. संकरित कापसाचं उलटं आहे. ते बियाणं दर वर्षी विकतच घ्यावं लागतं, घरचं पेरलं तर पीक एकसारखं येत नाही. एकाच दुकानात, एकाच काउंटरवर, एकाच शेतकऱ्याला विकल्या जाणाऱ्या या दोन वस्तूंचं मार्केटिंग मुळापासून वेगळं. एकीकडं "विकत घ्यायचंच कशाला?" याचं उत्तर द्यावं लागतं, दुसरीकडं "यांचंच का घेऊ?" याचं. परभणीच्या कृषी विद्यापीठाची एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-६१२ ही सोयाबीनची वाणं तुझ्या भागातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. हे विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं, तुझ्या घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. एखाद्या खरीप मेळाव्याला जा आणि शेतकरी बियाण्याच्या रांगेत काय बोलतात ते ऐक. अभ्यासक्रमातलं अर्धं प्रकरण तिथंच होऊन जाईल.

आणि एक चूक, माझीच, जी मी प्रत्येक बॅचला सांगते. दुसऱ्या वर्षी मला एका तालुक्याची पूर्ण जबाबदारी मिळाली. मे महिन्यात मी दुकानादुकानांत भरपूर माल ठेवला. बियाण्याच्या धंद्यात याला प्लेसमेंट म्हणतात. माझा आकडा जिल्ह्यात पहिला आला, मीटिंगमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या वर्षी पाऊस लांबला, लोकांनी सोयाबीन सोडून दुसरं पेरलं आणि ऑगस्टमध्ये दोन ट्रक माल परत आला. दुकानात ठेवलेला माल म्हणजे विकलेला माल नव्हे. शेतकऱ्याच्या घरी गेला तो विकला गेला, त्याला लिक्विडेशन म्हणतात. त्या कंपनीत तेव्हा प्लेसमेंटवरच बक्षीस मिळायचं, म्हणून सगळे तेच करत होते, पण परत आलेल्या पिशव्या मोजायला गोदामात उभी मी होते. ज्या दुकानदारांनी माझ्या शब्दावर पैसे गुंतवले होते, त्यांच्यासमोर जाऊन हिशोब करताना जे वाटलं ते अजून जात नाही. कोणत्याही कंपनीत गेलीस तरी पहिला प्रश्न हा विचार: माझा आकडा कुठं मोजला जातो, दुकानाच्या दारात की गिऱ्हाइकाच्या घरात?

आता पुस्तकाकडं येऊ. वस्तू, किंमत, जागा आणि प्रसिद्धी हे चार घटक तुला पहिल्याच आठवड्यात शिकवतील. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकानं १९६० साली ही मांडणी केली, पुढं फिलिप कोटलर यांच्या १९६७ पासूनच्या पाठ्यपुस्तकानं ती जगभर पोचवली. सेवांसाठी त्यात माणसं, प्रक्रिया आणि प्रत्यक्ष पुरावा (गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसणारी जागा, सामान) असे आणखी तीन घटक १९८१ मध्ये जोडले गेले. पाठ करायला दहा मिनिटं लागतात. पण हे चार डबे वेगवेगळे आहेत असं समजून पोरं उत्तरं लिहितात, तिथं गाडी अडते. एकाला हात लावला की बाकीचे तीन हलतात. १९८० च्या दशकात तामिळनाडूतल्या चिक शाम्पूनं पुडी आणली, पुढं ती ५० पैशांत मिळू लागली. ही किंमत कमी केल्याची गोष्ट आहे असं मुलं लिहितात. पण पुडी झाली की ती टपरीवर दोऱ्याला टांगता येते, म्हणजे जागा बदलली. रोजंदारीवाल्या बाईला बाटलीचे पैसे एकदम काढावे लागत नाहीत, म्हणजे गिऱ्हाईकच बदललं. निरमाचंही असंच. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत सायकलवर कपडे धुण्याची पावडर विकायला सुरुवात केली. महाग पावडरीच्या कितीतरी खालच्या भावात त्यांनी अशी माणसं गाठली की जी पावडर वापरतच नव्हती, वडीनं कपडे धूत होती. त्यांनी दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढलं एवढंच त्यात नाही, नवीन गिऱ्हाईक उभं केलं.

तुला यातलं काहीच परकं वाटणार नाही, कारण तुझ्या दुकानात पुड्यांच्या माळा टांगलेल्या आहेत. इंग्रजीची भीती याच वाटेनं घालव. मी माझ्या विद्यार्थ्यांना एक सवय लावते: दिवसाला इंग्रजी पुस्तकाचं एकच पान वाचायचं, आणि त्यातली कल्पना रात्री घरच्या कुणाला तरी आपल्या बोलीत सांगायची, उदाहरण गावातलं द्यायचं. आईला समजलं तर तुला समजलं. सेग्मेंटेशन, म्हणजे गिऱ्हाइकांचे गट पाडणं, हे आईला सांगताना तू कदाचित म्हणशील, "आपल्याकडं येणारी गिऱ्हाइकं एकसारखी नाहीत. महिन्याच्या पगारावर किराणा भरणारे मास्तर वेगळे, आठवडी बाजाराच्या दिवशी पैसे हातात येणारे वेगळे, आणि कोयता घेऊन उसाला जाणारे वेगळे." हे उत्तर इंग्रजीत लिहायला मग शंभर-दीडशे शब्द पुरतात, आणि तेवढं इंग्रजी तुला सहा महिन्यांत येईल. इंग्रजी नीट शिकायचंच आहे, त्यातून सुटका नाही, मोठ्या कंपनीत ईमेल आणि प्रेझेंटेशन त्याच भाषेत असतं. पण ते आलं नाही म्हणून विषय समजणार नाही, ही समजूत चुकीची आहे.

उसाचा उल्लेख आलाच आहे तर थोडं थांबते, कारण मराठवाड्यात मार्केटिंग करणाऱ्या माणसाला हे कळलं नाही तर बाकी सगळं फुकट जातं. बीड जिल्ह्यातली आणि आजूबाजूच्या तालुक्यांतली लाखो माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात, आणि कारखान्यांचा हंगाम संपला की उन्हाळ्यात परततात. गावंच्या गावं अर्धी रिकामी. निघायच्या आधीच्या पंधरवड्यात पीठ, तेल, मीठ, साबण यांची खरेदी एकदम होते, आणि नंतर चार-पाच महिने त्या गावांतल्या दुकानांवर शुकशुकाट. मुंबईत बसून वार्षिक टार्गेटचे बारा सारखे तुकडे करणाऱ्याला हे दिसत नाही. मी एकदा वरिष्ठांसमोर तालुकावार कागद मांडला, कोणत्या महिन्यात कोणत्या भागात माणसं असतात आणि कुठं नसतात. पुढच्या वर्षी टार्गेटची विभागणी बदलली. त्या कागदात काहीही अवघड नव्हतं. मी ज्या गावांतून एस.टी.नं जात होते, त्या गावांतल्या बंद घरांना लागलेली कुलपं मोजली होती, एवढंच.

आता हिशोब. मार्केटिंगवाले हिशोबात कच्चे असतात अशी तक्रार सगळीकडं ऐकू येते आणि ती खरी आहे. तू बी.कॉम. आहेस, ही तुझी फार मोठी जमेची बाजू. मुलाखतीत मी एक साधा प्रश्न विचारते. ८० रुपयांना घेतलेली वस्तू १०० ला विकली, तर मार्जिन किती? बरेच जण २५ टक्के म्हणतात. खरेदीवर २५ टक्के, विक्रीवर २० टक्के, आणि कंपनीच्या भाषेत मार्जिन कोणत्या रकमेवर धरलं आहे ते आधी विचारून घ्यायचं असतं. या पाच टक्क्यांच्या गोंधळातून डिस्ट्रिब्युटरशी, म्हणजे कंपनीचा माल दुकानादुकानांत पोचवणाऱ्या व्यापाऱ्याशी, भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

डिस्ट्रिब्युटरचाच हिशोब जरा सविस्तर करून दाखवते, कारण हा कॉलेजात क्वचितच कुणी करून दाखवतं. समज, तालुक्याचा डिस्ट्रिब्युटर महिन्याला १० लाखांचा माल विकतो आणि कंपनी त्याला ५ टक्के देते. म्हणजे हातात ५०,०००. गोदामाचं भाडं, टेम्पो, डिझेल, दोन पोरांचे पगार, तुटफूट धरून खर्च ३६,०००. उरले १४,०००, वर्षाचे १,६८,०००. आता त्याचे पैसे किती गुंतलेत? गोदामातला माल ५ लाख, बाजारातली उधारी ६ लाख, कंपनीकडं अडकलेले स्कीमचे क्लेम, म्हणजे त्यानं दुकानदारांना दिलेल्या सवलतीचे परत यायचे पैसे, १ लाख. एकूण १२ लाख. १२ लाखांवर १,६८,००० म्हणजे वर्षाला १४ टक्के. पैसे कॅश क्रेडिटचे, म्हणजे बँकेकडून व्याजानं उचललेले असतील तर त्यातलं बरंचसं बँकेच्या व्याजात जातं. मग तू नवीन बिस्किटाची स्कीम घेऊन त्याच्यासमोर बसतेस आणि तो म्हणतो, "म्याडम, औंदा नको." तुला वाटतं माणूस जुन्या विचारांचा आहे. तो शहाणा आहे, त्यानं हिशोब केलाय. आता तू त्याच्याबरोबर बाजारात चार दिवस फिरून उधारी ६ लाखांवरून ३ लाखांवर आणलीस आणि ऑफिसात पाठपुरावा करून क्लेम सोडवून दिलेस, तर गुंतवणूक ८ लाखांवर येते. नफा तेवढाच, १,६८,०००, पण परतावा २१ टक्के. माल एक रुपयाचाही जास्त विकला नाही. आता तो स्वतःहून विचारतो, "त्या नव्या बिस्किटाचं काय म्हनत होत्या?"

वितरण हा विषय पोरांना रटाळ वाटतो आणि ब्रँड, जाहिरात, डिजिटल याच्यामागं सगळे पळतात. मला मात्र प्रामाणिकपणे वाटतं की आपल्या भागातल्या विद्यार्थ्यानं वितरण आणि ग्रामीण बाजारपेठ या दोन विषयांत पक्कं व्हावं. या दोन्ही गोष्टी आपल्या दारात आहेत आणि पुण्या-मुंबईच्या मुलांना त्या शिकायला इकडं यावं लागतं. डिजिटलही शीक, ते आता प्रत्येक कामात आहेच. दुकानाचं नाव गुगलच्या नकाशावर चढव, व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांची यादी कर, कोणत्या मेसेजनंतर खरंच ऑर्डर आली ते लिहून ठेव. एक्सेल मात्र आजपासून शीक. पिव्होट टेबल (लांबलचक यादीची गटवार बेरीज करून देणारी सोय) येणारी मुलगी आणि न येणारी मुलगी यांच्यात पहिल्या नोकरीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

पुण्याचा प्रश्न. एमबीएच्या राज्य सीईटीत २०० प्रश्न असतात आणि १५० मिनिटं. त्यातले ७५ तर्काचे, २५ आकृत्यांच्या तर्काचे, ५० गणिताचे, ५० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. बघ, इंग्रजी चौथा हिस्साच आहे, सगळ्यात मोठा वाटा तर्काचा आहे आणि तो निव्वळ सरावानं येतो. चांगला पर्सेंटाइल पडला आणि मुंबईचं जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था अशा ठिकाणी नंबर लागला, तर डोळे झाकून जा, घरच्यांना मी समजावते. तसं नाही झालं, तर पुण्यातल्या कुठल्याशा महागड्या कॉलेजात "शंभर टक्के प्लेसमेंट", म्हणजे इथं नोकरीची हमी, वाचून जाऊ नको. तिथली फी, खोलीचं भाडं, मेस यात वडिलांचं दुकान कर्जात जाईल, आणि शेवटी नोकरी मिळेल तीही बहुधा इकडच्याच भागात फिरण्याची. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ पासून आहे, तुझा परभणी जिल्हा त्याच्याच अखत्यारीत येतो. छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ १९५८ चं, आणि त्या शहराला वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहती लागून आहेत, म्हणजे इंटर्नशिपसाठी कंपन्या दाराशी. जालन्यात बियाणं आणि लोखंड, लातूरला डाळी आणि सोयाबीन तेल. मोठी बाजारपेठ इथं नाही असं कुणी म्हटलं तर २०१० च्या ऑक्टोबरची गोष्ट सांग: तेव्हाच्या औरंगाबादेत उद्योजक, व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. छोट्या शहरात ऐपत नसते ही कंपन्यांची समजूत त्या एका व्यवहारानं मोडली, आणि एकत्र खरेदी करणाऱ्याच्या हातात भाव ठरवायची किती ताकद येते तेही दिसलं.

पैशाबद्दल एक गोष्ट वडिलांना आवर्जून सांग. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत मिळत नाही. जागा गेली म्हणून घाईत कोट्यातून प्रवेश घेऊन पस्तावलेल्या दोन मुली माझ्याच वर्गात होत्या. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, हे सगळं आत्ताच काढायला टाक. तहसीलची गर्दी जूनमध्ये बघवत नाही.

दारोदार हिंडण्याबद्दल. वडिलांची काळजी खोटी नाही, तिला हसण्यावारी नेऊ नको. मी पहिली तीन वर्षं एस.टी.नं फिरले. संध्याकाळी सहानंतर कोणत्या गावात थांबायचं नाही, कोणत्या दुकानदाराकडं घरच्या माणसांसमोरच बसायचं, रात्रीचा मुक्काम फक्त ओळखीच्या घरी, हे नियम मी स्वतःला घालून घेतले होते आणि वरिष्ठांना पहिल्याच दिवशी सांगितले होते. एकानं नाक मुरडलं, दुसऱ्यानं माझा रूट बदलून दिला. दुसऱ्याच्या हाताखाली मी आठ वर्षं काम केलं. पण मार्केटिंग म्हणजे फिरतीच असंही नाही. बाजार संशोधन, किमती ठरवणारा विभाग, मॉल आणि मोठ्या दुकानांशी कंपनीचा व्यवहार सांभाळणं, ट्रेड मार्केटिंग (दुकानदारांसाठीच्या स्कीम आखणं), डिजिटल, बँकांच्या कर्ज-ठेवींच्या योजना आखणारे विभाग, यात मुली मोठ्या संख्येनं आहेत. तरीही माझा आग्रह आहे की पहिली दोन वर्षं बाजारात काढ. नंतर टेबलावर बसून निर्णय घेशील तेव्हा त्यामागं पाहिलेलं काहीतरी असेल. फक्त एक सांभाळ: मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणारी किंवा अनामत रक्कम मागणारी नोकरी, कितीही मोठं नाव सांगितलं तरी, घ्यायची नाही.

शेवटचं, आणि मला सर्वात जिव्हाळ्याचं. पहिलं वर्ष संपलं की दोन महिन्यांची इंटर्नशिप आणि त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट असतो. एका कॉलेजात तपासायला म्हणून गेले होते, तर अकरा रिपोर्टांत एकच प्रश्नावली, एकाच टक्केवारीचे गोल तक्ते, फक्त मुखपृष्ठावरचं नाव वेगळं. एकात तर जुन्या विद्यार्थ्याचं नाव पुसायचं राहून गेलं होतं. मला राग त्या मुलांचा आला नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की दोन वर्षांत हीच एक गोष्ट स्वतःची करायला मिळते. त्यातली एक मुलगी बीडची होती. तिच्या घरी बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं, बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तोडल्यापासून दोन-तीन दिवसांत पिकून मऊ होणारं हे फळ, म्हणजे त्याचं सगळं मार्केटिंग तास मोजून करायचं. झाडावरून टोपली, टोपलीतून टेम्पो, टेम्पोतून फळबाजार; कुठं किती तास गेले, किती फळं काळी पडली, त्यामुळं भाव किती उतरला, एवढं तिनं एका हंगामात लिहून आणलं असतं तर कोणत्याही कंपनीनं तो रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचला असता. तिनं लिहिलं होतं एका मोबाइल कंपनीच्या ग्राहक समाधानावर, जिचं ऑफिस तिनं कधी पाहिलं नव्हतं.

तुझा विषय तुझ्या घरात आहे. वडिलांकडून उधारीच्या दोन वर्षांच्या वह्या मागून घे. कोण किती दिवसांनी पैसे देतं, कोणत्या महिन्यात उधारी फुगते, आणि जी माणसं उधारी ठेवतात ती रोखीवाल्यांपेक्षा महिन्याला जास्त खरेदी करतात का कमी, हे एक्सेलमध्ये उतरव. नावं लिहू नको, प्रत्येकाला एक आकडा दे. लोकांची लाज त्या वहीत असते. प्रवेश मिळायच्या आधी हे काम तीन आठवड्यांत होईल. झालं की तो तक्ता आधी वडिलांना दाखव, आणि कुणाची उधारी बंद करावी आणि कुणाची वाढवावी असं तुला वाटतं ते त्यांना सांग. ते वाद घालतील. तो वाद नीट लिहून काढ आणि मला पाठव.